आईच्या नावाचा रकाना

निवासी शाळेचे अर्ज अकरा होते, आणि वुमिलियाचा सातवा होता. पहिले सहा वाचून होईपर्यंत सगळं नेहमीच्या शनिवारसारखंच चाललं होतं. चर्चच्या मागच्या सभागृहाचा पत्रा तापून टिकटिक करत होता, बाहेर मोठ्या खडकाच्या सावलीत पोरी पाठीला पाठ लावून बीजगणित सोडवत होत्या, त्यांतली एखादी मध्येच फिदीफिदी हसत होती, आणि खालून सरोवराचा तो ओला, शेवाळी, जरासा मासळीचा वास येत होता, जो म्वांझासारख्या सरोवराकाठच्या शहरात वर्षं काढलेल्या माणसाला वास म्हणून कळतही नाही. सातवा अर्ज वुमिलियाच्या शिकवणीच्या ताईनं उलगडला. मुलीचं नाव, वय चौदा, वडील हयात नाहीत, आईचा व्यवसाय किरुंबाच्या बाजारात सुके डागा, म्हणजे बारीक मासळी, विकणे, आणि आईच्या नावाच्या रकान्यात निळ्या शाईनं, पोरीच्या त्या सरळ, जपून काढलेल्या अक्षरात पर्पेतुआ लुबांगो. तिला आधी वाटलं, पोर चुकली. शिफारस करणाऱ्या ताईचं, म्हणजे आपलं नाव शेवटच्या ओळीत लिहायचं, ते वरच लिहून बसली. अशा चुका पोरी करतात, घाबरलेल्या असतात. खोडावं म्हणून तिनं पेन्सिल उचलली आणि थांबली, कारण शेजारच्या रकान्यात आईचं गाव होतं, बुसेंगा, आणि त्याच्या पुढं आईचं शिक्षण, सातवी, अर्धवट. पेन्सिल तशीच हातात राहिली. कानांत कुणी कापूस कोंबावा तसा पोरींचा गलबला लांब लांब गेला.

या सभागृहात, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, बँकेत, नवऱ्याच्या तोंडी, दारावरच्या पाटीवर तिचं नाव पर्पेतुआ लुबांगो होतं. सत्तावीस वर्षं होतं. पण जन्मल्यावर आईनं कानाशी तोंड नेऊन जे नाव सांगितलं ते मिंझा, आणि निदान या गोष्टीपुरतं तरी तिला मिंझाच म्हटलं पाहिजे, कारण दुसरं नाव तिचं नव्हतं. ते त्या रकान्यातल्या बाईचं होतं.

अर्जाच्या तळाशी ताईचं मत लिहायला चार ओळी सोडलेल्या असत. मिंझानं पाहिलं तर आपला हात तिथं जाऊन पोचलेला. तिनं लिहिलं, मुलगी हुशार आहे, परंतु अजून एक वर्ष थांबल्यास अधिक बरे होईल. पेन्सिलीनं लिहिलं, हलक्या हातानं, जणू हलक्या हातानं लिहिलेलं हलकं असतं. मग ते वाचलं. पुढच्या वर्षी वुमिलिया पंधराची होणार होती आणि निवासी शाळेच्या या दोन जागा चौदापर्यंतच्या मुलींना होत्या. अरुशाच्या मावशीनं दोनदा निरोप धाडला होता, पोरीला पाठवा, माझ्या मालकिणीला घरकामाला हवीच आहे. हे सगळं मिंझाला ठाऊक होतं. वर्षभर दर शनिवारी तिनंच ते त्या पोरीच्या तोंडून ऐकलं होतं, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, मी आहे ना. तिनं खोडरबर घेतलं आणि ती ओळ पुसली. पुसली तरी कागदावर अक्षरांचे वळ राहिले. उजेडाला धरलं असतं तर वाचता आले असते.

“भूत दिसलं की काय गं?” जेनेरोझाबाई शेंगदाणे चघळत मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. हे शनिवारचं मंडळ त्यांनीच उभं केलं, शहरातल्या शिकलेल्या बायकांच्या घरी जाऊन, एकेकीला दटावून. प्रत्येक बाईनं तीन पोरींची ताई व्हायचं, त्यांचा अभ्यास घ्यायचा, त्यांच्या घरच्यांशी भांडायचं. “कुणाचा अर्ज? वुमिलियाचा? मग त्यात काय एवढं बघायचं, तीच तर जाणार. दुसरी कोण ते सांग.” त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकल्या. “अगं बाई. हिच्या आईचं नाव वाचलंस? तुझंच की. बापाचंही तेच. तुझ्या बापानं आणखी कुठं चूल मांडली होती काय?”

“लुबांगो गावागावांत आहेत, बाई.”

“आहेत. पर्पेतुआही असतील. पण दोन्ही एका जागी, आणि ती बुसेंगाची. तूही तिकडचीच ना?”

“जवळची.”

“हे बघ, मला काही नाही. मी तुला पंधरा वर्षं ओळखते. पण दार-एस-सलामला बसलेली, जागा देणारी ती माणसं कागद ओळखतात. आई पर्पेतुआ लुबांगो, शिफारस करणारी पर्पेतुआ लुबांगो. म्हणतील, ताईनं स्वतःचीच पोर पुढं ढकलली. नात्यातल्या मुलीचा अर्ज लावायचा नाही, हा नियम आपणच भांडून करून घेतला, आठवतंय?”

“तुम्ही करा ना शिफारस.”

“वर्षभर पोर तुझ्या हाताखाली, आणि सही माझी? ते तर आणखीच वाईट दिसेल.” बाईंनी दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवले, लहान मुलाला द्यावेत तसे. “अशी पांढरी पडू नकोस. आपल्याकडं एका बाईला काय एकच नाव असतं? घरचं असेल, आजीनं ठेवलेलं असेल. उद्या जा त्या माउलीकडं, दुसरं नाव विचार, नवीन अर्जावर ते लिही, तिची सही घे आणि सोमवारी सकाळी माझ्या हातात आणून दे. चिमूटभर काम आहे.”

चिमूटभर काम. घरी जाताना, कोंबून भरलेल्या छोट्या बसमध्ये, कुणाच्यातरी कोंबडीची टोपली गुडघ्याला घासत असताना तिनं तो शब्द जिभेवर फिरवला. दर वर्षी जानेवारीत मंडळाचा पहिला शनिवार असतो आणि त्या दिवशी प्रत्येक ताईनं आपली गोष्ट सांगायची असते. मी कुठून आले, कशी शिकले. मिंझाची गोष्ट सगळ्यांत लाडकी. पोरींना ती पाठ होती, एखादा तुकडा ती विसरली तर मागच्या बाकावरून कुणीतरी पुरवत असे. ताई, कंदिलाची काच फुटली ते राहिलं. ताई, सहा मैल चालत. सगळं खरं होतं त्यात, कंदील, मैल, आईनं विकलेली शेळी. पहिल्या वर्षी ती गोष्ट सांगताना तिची मान तापली होती, कानामागून घाम उतरला होता. दुसऱ्या वर्षी कमी. पुढं पुढं तर गोष्टीतल्या गाळलेल्या फटीवरून तिची जीभ इतकी सहज घसरायची की फट आहे हेही तिला आठवेना. सातवीच्या परीक्षेला बसले आणि आमच्या शाळेतून माध्यमिकला निवडलेली मी एकटी मुलगी होते, हे वाक्य ती म्हणायची तेव्हा पोरी टाळ्या वाजवायच्या, आणि गेल्या जानेवारीत पहिल्या रांगेतली एक नवी, लांब मानेची पोर टाळ्या न वाजवता नुसती बघत बसली होती. वुमिलिया. मिंझाला तेव्हा वाटलं, किती मन लावून ऐकते.

सातवीच्या परीक्षेला मिंझा स्वतः दोनदा बसली होती. पहिल्यांदा मिंझा न्गासा म्हणून बसली आणि यादीत आली नाही. पुन्हा बसायची सोय नव्हती, नियमच तसा होता, सातवी एकदाच, पडलात की शेतात. पण हजेरीपटावर नेहमी एखादं नाव मोकळं पडलेलं असायचं. एखादी पोर लग्न होऊन जायची, एखादा पोरगा तळ्यावर कोळ्यांच्या होडीत जायचा, नाव मात्र वरच्या कचेरीत पाठवलेलं असायचं, ते खोडलं तर शाळेचाच आकडा घटणार. मग मुख्य मास्तर एखाद्या पडलेल्या पोराच्या बापाला बोलावून सांगत, बसू दे त्याला त्या नावानं. अख्खा मुलूख हे करत होता. कुणी त्याला चोरी म्हणत नसे. रिकाम्या बाकावर बसणं म्हणत. नावाची किंमत कागदावर, गावात तर सगळे कुणाची तरी आई नाहीतर कुणाचा तरी बाप. त्या वर्षी मास्तर मिंझाच्या बापाला म्हणाले, लुबांगोची पोर चौदा गुरं घेऊन उजवली, ती काही आता येत नाही. पोर हुशार होती हो, गणितात तर मलाच चुका दाखवायची. तिचं नाव आहे. तुझीला बसव.

पर्पेतुआ तिच्याहून वर्षभरानं मागच्या वर्गात, पण उखळापाशी दोघी बरोबरीच्या. तिसऱ्या प्रहरी अंगणात पोरी जोंधळा कांडायच्या, दोघी दोघी समोरासमोर, मुसळावर मुसळ, आणि गाण्यात ज्या पोरीचा घाव तिचं नाव.

पहिला घाव घातियेला, कोंडा उडून गेला,
पर्पेतुआ सईबाईनं दाणा मोत्याचा केला.

दुसरा घाव मिंझाचा. तिचं मुसळ जरा उशिरा पडायचं, ताल मोडायचा, आणि पर्पेतुआ आपलं मुसळ हवेत क्षणभर अडवून धरायची, हिचं पडेपर्यंत. ते कुणाला दिसायचं नाही, त्या दोघींनाच कळायचं. गणिताची वहीसुद्धा ती अशीच तिरकी धरायची, कुणाला दिसणार नाही अशी, मोठ्या वर्गातल्या मिंझाला मात्र दिसेल अशी. ती सासरी गेली आणि मिंझा तिच्या बाकावर बसू लागली, तेव्हा उखळापाशी पोरींना फार मजा वाटली. पहिला घाव पर्पेतुआचा, म्हणायच्या, घाल की गं, आता दोन्ही घाव तुझेच. मिंझा हसायची. हसत हसत दोन्ही घाव घालायची. खांदे भरून यायचे.

बसमधून ती दोन थांबे आधीच उतरली. खडकांच्या मधून चढत जाणाऱ्या वाटेवर एका पायरीला ती बसली, खाली तळं पत्र्यासारखं तापलेलं, आणि जे आठवायचं नाही म्हणून इतक्या वर्षांत तिनं केवढी तरी कामं अंगावर घेतली होती, ते समोर येऊन उभं राहिलं, अगदी साध्या कपड्यांत. पर्पेतुआ सासरी जाऊन पाच महिने झाले होते. सकाळची हजेरी चालू होती. दारात पर्पेतुआ उभी होती. गणवेश जुनाच, कमरेला घट्ट झालेला, पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत, म्हणजे रात्रभर चालून आलेली, आणि गालाच्या हाडावर एक पिवळा पडत चाललेला वळ. तिनं वही छातीशी धरली होती. मास्तरांनी तिला पाहिलं, तरी यादी वाचत राहिले, एक एक नाव, आणि तिच्या नावाशी आले. पर्पेतुआ लुबांगो. हजर, असं दारातून आलं. आणि त्याच क्षणी बाकावरून आलं, हजर. बाकावरचा आवाज मोठा होता. मिंझाला तिच्या चौदा वर्षांच्या जन्मात कधी जमला नव्हता एवढा मोठा, स्वच्छ आवाज. मास्तरांनी यादीवर खूण केली. मग चष्म्यावरून दाराकडं पाहून, वाईट वाटतंय अशा सुरात म्हणाले, पोरी, पर्पेतुआ बसलीये तिथं. तू कोण? वर्गात कुणी हसलं नाही. मिंझानं मान वर केली नाही. पुस्तकात त्रिकोणाचं चित्र होतं, त्याच्या तीन टोकांना तीन अक्षरं होती, ती अक्षरं तिला आजही दिसतात. तिनं मान वर केली असती तर काय झालं असतं? मास्तर वाईट नव्हते. ती उठली असती तर त्यांनी कदाचित काही वाट काढली असती. ती उठली नाही. थोड्या वेळानं दारातला उजेड मोकळा झाला एवढंच तिला पुस्तकाच्या पानावर कळलं.

मग पुढं सगळं सुरळीत. सुरळीत हा शब्द किती भयंकर असू शकतो. माध्यमिक शाळा, मग मोरोगोरोला शास्त्राची पदवी, सगळ्या कागदांवर पर्पेतुआ, आणि पर्पेतुआच्या मागं लुबांगो, दुसऱ्याच पोरीचा बाप. लग्नात पाद्र्यानं लुबांगोची कन्या असं वाचलं तेव्हा तिचा खरा बाप तिसऱ्या रांगेत बसला होता, मामा म्हणून आलेला, नवा कोट घालून. जेवणाच्या वेळी तिला एकटी गाठून तो म्हणाला, फार छान वाचलं पाद्र्यानं. मरेपर्यंत त्यानं तिला पुन्हा मिंझा म्हटलं नाही, चुकून तोंडातून जाईल या धाकानं. पोरी म्हणूनच बोलवायचा. मरताना पण, पोरी.

रविवारी तिसऱ्या प्रहरी ती नवा कोरा अर्ज घेऊन किरुंबाच्या बाजारात गेली. डागाची दुकानं सगळ्यांत शेवटी, पाण्याच्या बाजूला. चंदेरी, करंगळीएवढ्या सुक्या मासळीचे ढीग, त्यांवर उन्हाचा झगमगाट, आणि नाकात घुसणारा तो खारट, उग्र वास. वुमिलियानं तिला लांबूनच पाहिलं आणि हातातलं पत्र्याचं माप टाकून धावली. गुडघे वाकवून नमस्कार केला. मागून शेजारची विक्रेती ओरडली, “बाई शाळेच्या दिसतात. दोन मापं न्या, डोकं चालतं यानं. तुमच्या पोरींना चारा.” “गप गं,” दुसरा आवाज आला, “त्यांचं डोकं पहिल्यापासून चालतं.” मिंझानं तो आवाज ओळखला. आवाज जाड झाला होता, बाजारी झाला होता, पण त्याच्या तळाशी जो होता तो तोच होता.

“जा, सोडा आण, दोन बाटल्या,” आई लेकीला म्हणाली. “गार बघून आण. इथला नको, वरच्या रस्त्यावरच्या दुकानातला. आणि धावू नकोस, फुटतील.” पोर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आई नुसती ढीग सारखा करत राहिली. रुंद बाई, डोक्याला फुलाफुलाचं फडकं, पुढचा एक दात नाही. “बस की. गोणीवर बस. कपड्याला वास लागेल, पण बस.” मग मान वर करून तिनं नीट पाहिलं. “जाडी झालीस, मिंझा.”

कुणी अंगावर गार पाणी ओतावं तशी ती शहारली. ते नाव तिला लागलं, दुखलं, आणि दुखताना कुठंतरी खोल इतकं बरं वाटलं की त्याचीच तिला लाज वाटली. “तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“रेडिओवर ऐकलं. पटकीच्या साथीत. पाणी उकळून प्या म्हणून सांगत होतीस. मी पर्पेतुआ लुबांगो, म्हणालीस. मी हिला म्हटलं,” तिनं शेजारणीकडं हनुवटी केली, “बघ गं, मी रेडिओवर बोलतेय. हसली ती. तिला माझं नाव कुठं ठाऊक? इथं मी वुमिलियाची आई.”

“वुमिलियाला तूच पाठवलंस माझ्याकडं.”

“नाहीतर काय, खडकावरून गडगडत आली? मीच म्हटलं, दुसरी ताई नको, तीच हवी म्हण. आणि माझं नाव विचारलं तर आई एवढंच सांग.”

“का?”

“तुला कळलं असतं तर तू तिला नीट शिकवलं नसतंस.” हे ती रागानं म्हणाली नाही. माप भरताना वरचा ढीग हातानं सपाट करावा, तसं म्हणाली. मिंझाला ती पेन्सिलीची ओळ आठवली. पर्पेतुआचा हिशेब बरोबर निघाला होता. “अर्जाला मात्र खोटं चालत नाही, पोर म्हणाली. म्हणून खरं लिहू दिलं. त्याचंच काही आहे ना? त्याशिवाय तू आली नसतीस.”

मिंझानं पिशवीतून कोरा अर्ज काढला. मांडीवर ठेवला. नियम सांगितला, दार-एस-सलामची माणसं, दोन सारखी नावं, नात्याचा संशय. तिचं तिलाच ऐकू येत होतं की आपण प्रयोगशाळेत बोलतो तसं बोलतोय, नमुना क्रमांक अमुक, निष्कर्ष तमुक. “मग?” पर्पेतुआ म्हणाली. “मग, तुझं दुसरं काही नाव असेल तर, घरचं, आजीनं ठेवलेलं,” आणि इथं तिची जीभ अडखळली, कारण आपण काय मागायला आलो आहोत हे तिला बोलता बोलता कळलं. जेनेरोझाबाईंच्या तोंडी ते चिमूटभर होतं. इथं, या बाईसमोर, या वासात, ते मावेना.

पर्पेतुआ हसली. दात नसलेल्या जागेतून वारा गेल्यासारखं, थोडंसंच. “माझ्या नावासाठी दुसऱ्यांदा आलीस होय.”

“नाही,” मिंझा म्हणाली. अर्ज तिनं पिशवीत परत कोंबायला घेतला. “नको. मी बाईंना सांगते. उद्या सकाळीच. खरं काय ते सगळं सांगते. तुझं नाव आहे, तुझंच राहू दे अर्जावर.”

“आणि मग?”

“मग माझी चौकशी होईल. होऊ दे. नोकरी जाईल.”

“आणि अर्ज?”

मिंझानं पिशवीत कोंबलेल्या अर्जाकडं पाहिलं.

“शिफारस करणारी बाईच खोटी निघाली तर तिनं पाठवलेला अर्ज कुठं जाईल गं? तू शिकलेली, तू सांग.” पर्पेतुआनं मापातल्या मासळीत बोटं खुपसली आणि काढली. “मी दारात उभी होते तेव्हा मला नाव हवं होतं. आता घेऊन काय करू? चुलीवर ठेवू? मला पोरीची जागा हवीये. तुझं मन हलकं करायचं असेल तर फादरकडं जा, तो बसलेलाच असतो. माझ्या पोरीच्या जागेवर उभी राहून करू नकोस.”

तळ्यावरून वारा आला आणि ढिगावरचे हलके डागा सरकले. शेजारीण कुणाशीतरी भांडत होती. मिंझाला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. डोळे कोरडे, आणि चेहरा मात्र चुलीसमोर बसल्यासारखा भाजत होता. आजवर जेव्हा जेव्हा तिनं ही भेट मनात रचली होती, तेव्हा तिनं स्वतःला दोनच गोष्टी करताना पाहिलं होतं, पाय धरताना किंवा पळून जाताना. कबुली देण्यातही आपण कुणाच्यातरी बाकावर बसतो, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

“काढ तो कागद,” पर्पेतुआ म्हणाली. “लिही. मिंझा लिही.”

“अगं.”

“का? ते तर मोकळंच आहे. बुसेंगात कुणी विचारायला गेलं तर म्हणतील, हो, होती मिंझा न्गासा म्हणून एक. न्गासा पण घाल. भला माणूस होता तुझा बाप. मला सासरी पोचवायला त्याचीच बैलगाडी होती. वाटेत त्यानं मला भाजलेलं कणीस दिलं नि स्वतःच रडला.”

मिंझानं पेन उघडलं. आईच्या नावाचा रकाना. मिंझा, हे तिनं सत्तावीस वर्षांत कुठंही लिहिलं नव्हतं, भिंतीवर नाही, वाफेनं धुरकटलेल्या काचेवर नाही. अक्षर तिच्या आताच्या हाताचं आलंच नाही. गोल, मोठं, दाबून काढलेलं, सातवीतल्या पोरीचं आलं. मग पर्पेतुआनं पेन घेतलं, हात फडक्याला पुसला, आणि सहीच्या जागी सावकाश, एक एक अक्षर वर बघून खाली काढत, मिंझा असं लिहिलं. तिचं अक्षर सुरेख होतं. वुमिलियाचं अक्षर कुठून आलं ते तिथं कागदावर दिसत होतं.

पोर सोडा घेऊन आली, गार बाटल्या फ्रॉकला पुसून दोघींच्या हातांत दिल्या, आणि अर्जावर वाकली. “आई, मिंझा न्गासा कोण?”

“मी. घरचं नाव माझं. तुझ्या ताईला ठाऊक होतं. एका गावच्या आम्ही.”

“ताई?” वुमिलियाचा चेहरा उजळला. “तुम्ही आईला आधीपासून ओळखता?”

“हो,” मिंझा म्हणाली.

“मग तुमच्या गोष्टीत आई कशी नाही?”

पोरीला गोष्ट पाठ होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसता प्रश्न होता, गणितात एक पायरी गाळली की ती विचारायची तसा. मिंझानं पर्पेतुआकडं पाहिलं. सोड्याची बाटली तिच्या हातात घामेजली होती.

“मी लवकर सोडली शाळा,” पर्पेतुआ म्हणाली. “गोष्टीत यायला लागते तेवढी राहिलेच नाही. जा, ते बघ, तिकडची मावशी बोलावतेय, तिला दोन मापं दे. वर ढीग करून दे, ती नेहमीची आहे.”

पोर पुन्हा एकदा गुडघे वाकवून, या खेपेला जरा जास्तच खाली वाकून, पळाली. मिंझानं अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि उठायला हात टेकला.

“थांब. एक सांग,” पर्पेतुआ म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, शेजारणीनं ऐकू नये असा. ती मिंझाकडं बघत नव्हती, ढिगाकडं बघत होती. “सातवीला मला किती पडले?”

आठवत नाही असं म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं? “भाषेत अडतीस,” मिंझा म्हणाली. “गणितात एकतीस. पन्नासपैकी.”

“एकतीस.” पर्पेतुआनं तो आकडा ओठांत धरून पाहिला. तिच्या कपाळाला आठी पडली, खरीखुरी, दुखावल्यासारखी. “गणितात एकतीसच?”

“एकतीस.”

“मी बसले असते तर चाळिसाच्या वर गेले असते.”

“पंचेचाळीस,” मिंझा म्हणाली. “त्याहून कमी नाही.”

“हं.” तिनं मान हलवली. मग समोर येऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडं वळून तिनं मोठ्यानं, बाजारी आवाजात विचारलं, “बोला दादा, किती मापं?” आणि मासळी भरायला लागली. मिंझा गोणीवरच बसून राहिली. आता उठायला हवं, हे तिला कळत होतं. माणसं येत होती, तिच्या गुडघ्यांना घासून जात होती, ती त्या धंद्याच्या अगदी मधोमध बसली होती, पण सरक म्हणून तिला कुणी म्हणेना.